नीरेच्या अलीकडे

एकतीस वर्षं मी कागदांना दोरा ओवतोय.
शिवाजीनगर कोर्टासमोर, झेरॉक्सवाल्याच्या माळ्यावर,
हिरवा लेजर कागद, डावीकडं चार बोटं समास,
पान क्रमांक खाली मधोमध.
समास चुकला तर मुंबईहून अख्खं अपील परत येतं,
दोन ओळींचा शेरा घेऊन.
मी वकील नाही. वकील विसरतात ते मला आठवतं,
एवढीच माझी सनद.

हौसाबाई खुटवड मंगळवारी येतात.
पूर्वी त्यांच्या गावाहून थेट एसटी मंगळवारी असायची.
एसटी बंद झाली, मंगळवार राहिला.

"भागीचा निकाल लागला," म्हणाल्या,
आणि पदराला हात पुसले,
जणू बातमीच ओली होती.

भागीरथी धाकटी. नीरेच्या पलीकडं दिलेली.
बापानं मुद्दाम दिली तशी:
एक लेक या काठाला, एक त्या काठाला,
सांजेला हाक मारली तर ऐकू जावी.
जमीनही तशीच लिहून दिली, एकीला एक काठ.
मग पूल आला. दोन्ही काठ एकाच उन्हाळ्यात गेले,
एकाच मोजणीदारानं, एकाच साखळीनं मोजलेले.
वाढीव मोबदल्याची अपिलं मात्र दोन.
पलीकडचा काठ सातारा जिल्हा, तो आता कोल्हापूरला.
अलीकडचा पुणे, तो मुंबईलाच.

मी लग्नपत्रिकेच्या पाकिटामागं नकाशा काढून दाखवला.
नागपूरला टिंब, संभाजीनगरला टिंब,
पणजीला, कोल्हापूरला.
पुण्यावर पेन टेकवलं, आणि उचललं.
खिडकीबाहेर बारचा फलक: 'खंडपीठ पुण्यालाच'.
उन्हानं त्यातला 'पु' खाल्लाय.
त्या फलकाखाली वकिलांनी लाल फिती लावल्या,
तेव्हा तीन दिवस माझीही मजुरी बुडाली होती.
मीही घोषणा दिल्या. आवाज बसला, पीठ नाही बसलं.

"मग मी भागीकडं ऱ्हायला गेले तर?
तिथलंच रेशनकार्ड केलं तर?"
मी म्हटलं, हौसाबाई, हद्द मातीची असते,
माणूस कुठंही राहो.
"माती तर पुलाखाली गेली की."
यावर माझ्याकडं कलम नव्हतं.

चहा आला. त्यांनी बशीत ओतला, फुंकर घातली, आणि बोलत राहिल्या:
पुरात नदी या अंगाला सरकते,
चार-दोन वर्षांनी त्या अंगाला.
एका साली त्यांची चिंच पलीकडं गेली होती,
भागीनं चिंचा पाडून डालग्यातून पाठवल्या,
वर निरोप, आता झाड माझं, चव तुझी.
सरकारला कुणी सांगितलं नाही.

जाताना दारात थांबल्या.
"भागी पैसं काढंना बँकेतनं.
म्हणती, तुझं आलं की बरोबर जाऊ काढायला.
तिला काय सांगू?"

मी वही उघडली. मुंबईचा क्रमांक बघितला,
त्याच्या आधी किती आहेत तेही बघितलं,
आणि वही मिटली.
म्हटलं, सांगा, चालू आहे.

त्या जिना उतरताना
कठड्याला लावलेली बांगडी किणकिणत गेली, खालपर्यंत.
मी नवा कागद घेतला,
डावीकडून समास मोजला.
चार बोटं.
पुन्हा मोजला.