मेखणे

परंड्याच्या बुरुजावर
दस्तगीर लोहार तोफेच्या कानात करंगळी घालतो.
अर्ध्यात अडते.
"बघा गुरुजी, मेखलीय."

कोशात हे क्रियापद मला सापडलं नव्हतं.
मेख मारणे होतं, तेही व्यवहारातलं,
सोयरीक मोडण्यापुरतं.

"पळताना तोफ नेता येत न्हाई," दस्तगीर सांगतो,
"फोडायला दारू नसती.
मग एक खिळा, चार घाव, अन् वरचं डोकं छाटायचं.
तोफ हाय तशीच राहती.
भरलेली असली तर भरलेलीच.
निस्ती बत्ती आत जात न्हाई."

घरी आलो.
अण्णा ओसरीवर, सुपारी कातरत.
अठ्ठेचाळीसचा भादवा विचारला की
ते नेहमीसारखे तोंड उघडतात

आणि सुपारी टाकतात.