मिठाची गाडी

पिरानहून पहाटे पाचला निघालो,
मागे चौदा पोती, पुढे दारिंका आणि मी.
"देश एवढाच," गिअर टाकत ती म्हणाली,
"न्याहारी समुद्रावर, रात्रीचं जेवण द्रावाच्या काठी,
मध्ये एकदाच डिझेल."

मिठागरात पाणी अजून झोपलेलं.
लाकडी फावड्याने मीठ ओढता ओढता
तिच्या वडिलांची पाठ वाकली ती वाकलीच,
शवपेटी सुताराला
चार बोटं उंच करावी लागली.
हे ती हसत सांगते.
मी खिडकीबाहेर बघते.

इद्रिया.
खाणीतला पारा संपला,
लेस विणणाऱ्या बोटांना मात्र सुट्टी नाही.
इवांकाबाईंच्या उशीवर लाकडी गुटक्यांची टकटक,
जाळीवरून नजर न काढता विचारतात,
"मीठ ह्या वर्षीचं ना?"
मग बटाट्याचं सारण भरलेल्या
बाहुलीच्या टोप्या, उकडलेल्या, लोण्यात घोळलेल्या,
मोदकाच्या लांबच्या चुलतबहिणी.
माझ्या ताटात सोळा होत्या.
मी अठरा खाल्ल्या.

ल्युब्ल्यानात पुलावरच्या ड्रॅगनला बिलगून
एक जोडपं फोटो काढत होतं.
आम्ही मागच्या गल्लीत, खरकट्याच्या डब्यांशेजारी.
ब्लाझने पाचाऐवजी दोनच पोती उतरवून घेतली.
"पाहुणे हल्ली कमी मीठ खातात,
पण तुझ्या मिठाचा फोटो मेनूवर आहे हं."
दारिंकाने पावती फाडली.
मला शहर बघायला अकरा मिनिटं मिळाली:
हिरवट नदी,
वाफाळत्या चीजच्या गुंडाळ्या,
पाठीवर सेलो घेऊन सायकल हाणणारी मुलगी,
आणि काचेतून दिसणारी
दारिंकाची मान, खाली घातलेली.

प्तुय.
लाल कौलं, वर किल्ला,
एका कोठारात खिळ्याला टांगलेली
मेंढीच्या कातड्याची, शिंगांची, लांब जिभेची सोंगं.
फेब्रुवारीत थंडीला हाकलून लावणाऱ्या
त्यांच्या कमरेच्या घंटा आता गप्प.
सात नंबरच्या घरी तिची बहीण राहते, झोफ्का.
वडिलांचं घर विकलं त्याला नऊ वर्षं झाली,
तेव्हापासून दोघींत शब्द नाही.
दारिंका पोतं उंबऱ्याशी टेकवते.
बेल दाबत नाही.
पायरीवर झाकलेला वाडगा असतो,
शेवयांचं सूप,
वर भोपळ्याच्या बियांच्या तेलाचे
हिरवेकाळे डोळे.

तिने मलाही चमचा दिला.
अळणी.
ठार अळणी.
"दर वेळी असंच," ती म्हणाली,
"आणि झोफ्का कधी काही विसरत नाही."
पोत्याची शिवण तिने बोटभर उसवली,
चिमूट घातली, ढवळलं.
वरच्या मजल्यावर पडदा हलला.
वारा नव्हता.

वाडगा नळाखाली विसळून
तिने पायरीवर पालथा घातला.

गाडीत मी म्हणाले,
आमच्यात खाल्ल्या मिठाला जागतात.
"जागतात म्हणजे? झोपत नाहीत?"
मी शब्द जुळवेपर्यंत
मारिबोरचा फाटा मागे पडला,
आणि तिने रेडिओ लावला.