सोपटाची गाठ

सावद्याला, केळीबागेला खेटून मैदान.
शेवटची जोडी. हव्या होत्या नऊ धावा.
लोकेश झोपे गार्ड घ्यायला वाकला
आणि डाव्या पॅडचा पट्टा तटकन तुटला.

दुसरा जोड होता, तो
समोरच्या पोराच्या पायात.
किट एकच, दोन्ही गावांत मिळून.

अंपायर मी. मनगटावर घड्याळ,
खिशात छापील नियम: दोन मिनिटं.
एक गेलं. दीड गेलं.
स्लिपमधून कुणी ओरडलं, 'सर, टाइम पाहा!'
मी पाहिला.
त्या पोराकडे पाहण्यापेक्षा ते सोपं होतं.

रुबाब तडवी रनअपवरून माघारी वळला.
चेंडू काखेत दाबून
बांधावरच्या केळीचं वाळकं सोपट ओरबाडलं,
थुंकी लावून पिळलं,
आणि बसला लोकेशच्या पायाशी.
रोज घडांनी ट्रक भरणारे हात.
'घट्ट झालं का भो?'
'झालं.'
'मंग आता वाचव.'

पुढचाच चेंडू आत आला,
बसला नेमका त्या गाठीवर.
अपील साऱ्या मैदानानं केलं,
रुबाबनं नाही.
तो वाकून बघत होता,
गाठ सुटली की काय.

माझं बोट वर गेलं.
नियमानं गेलं, बरोबरच गेलं.
लोकेश बॅट काखेत मारून निघाला,
मागे न पाहता, पॅड तसंच पायात.

संध्याकाळी ते सोडवायला
कात्री लागली म्हणे.