पाव इंच

हवल्लीत, तुनिस रस्त्यामागच्या गल्लीत
बू-मिशालचं फ्रेमचं दुकान. काच कापतो मी,
अठरा वर्षं. इथे काचेआधी
धूळ पुसावी लागते.

बुधवारी गेर्गेय आला, पंप-स्टेशनवरचा, हंगेरीचा.
नळीतून नकाशा काढला,
एका कोपऱ्यावर माझी पट्टी ठेवली, एकावर कात्री,
तिसऱ्यावर माझाच चहाचा पेला.
"आमचा देश," म्हणाला. "खरा."
मग आत बोटानं एक लहानसा आकार फिरवून दाखवला,
आत्ताचा.
सदरा त्यांनी नेला, खिसा आम्हाला दिला, म्हणाला.
शंभराहून जास्त वर्षं झाली त्या तहाला.
त्याचा आजासुद्धा तेव्हा जन्मायचा होता.
तरी यंदाच्या प्रचारसभेतही, फोनवर दाखवलं त्यानं,
भाषण करणाऱ्याच्या पाठीमागे हाच कागद, फक्त मोठा.
निवडून येईल का, विचारलं.
"माणसाचं माहीत नाही. नकाशा दर वेळी येतो."

हाइकेबाईंनी आजोबा आणले. गणवेशात.
म्हणाल्या, गळ्याखालचं नको, चेहरा ठेवा.
लंबगोल माउंट कापला. आत उरला तो
पेन्शनीत निघालेला कुणीही ड्रॉईंग मास्तर.
पैसे देताना थांबल्या:
"फोटोला मात्र कात्री लावू नका हं.
झाकलेलं असू दे. पण असू दे."

त्यांच्याच मजल्यावरचा वोइचेक, पोलंडचा,
त्याचा फोटो एका रस्त्याचा, ज्यात घर नाही.
आजीचं होतं, म्हणे, इथे. बोट ठेवलं तिथे ढिगारा.
"माउंट नको. काठापर्यंत दिसू दे,
विटा मोजायच्या आहेत."
त्यांच्या संसदेतही मोजतायत,
हिशोबात किती शून्यं, त्यावरच पक्ष फुटतायत.
एरवी दोघं एकमेकांच्या वाढदिवसाचा केक कापतात.
मतदानाच्या आठवड्यात लिफ्ट वेगवेगळी.

तयार फ्रेमा आम्ही भिंतीला टेकवतो
काचेला काच, पाठीला पाठ.
नाहीतर एकाचा हूक दुसऱ्याच्या काचेवर ओरखडा काढतो.
शनिवारी नकाशा, आजोबा आणि ढिगारा
असेच उभे होते, आणि त्यांचे मालक काउंटरपाशी,
कुणी कुणाकडे न बघता.

बू-मिशाल कोपऱ्यात तसबीह ओढत होता.
नव्वद साली त्याच्या धाकट्या भावाला नेलं.
फोटो गल्ल्याखालच्या खणात, बिनफ्रेमचा.
चौकटीत घातलं की गेला म्हणायचं.
त्यानं वोइचेकला एवढंच विचारलं,
"तुमची हाडं मिळाली?"
आजीची? हो. सत्तावन्न साली.
"मग तुम्ही श्रीमंत," बू-मिशाल म्हणाला,
आणि पावती फाडली.

मी हसलो होतो गेर्गेयला. कबूल करतो.
खोलीवर येऊन जेवणाचा डबा उघडतोय
तोवर खानापूरहून बाबांचा फोन:
"उद्या एक तारीख. काळी फीत लावलास काय रे?"
ती रेघ पडली तेव्हा ते नऊ वर्षांचे.
रात्री निजले तेच गाव, सकाळी उठले तेही तेच,
फक्त एसटीवरची पाटी वाचता येईना.
लावली, म्हटलं. कुवेतमध्ये. कुणाला दाखवायला?

त्यांनी गावच्या एका पोराबरोबर
जुन्या कॅलेंडरातला नकाशा धाडलाय,
निळ्या पेन्सिलीनं आमचं गाव अलीकडे ओढून घेतलेलं.
"तुझंच दुकान हाय. चांगली फ्रेम कर."

आज दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मोजला.
फ्रेमची खाच चारी बाजूंनी पाव इंच खाते,
तेवढं कुणाचंही जातंच,
मी रोज लोकांना सांगतो.
निळी रेघ कडेलाच आहे.
गाव त्या पाव इंचात.

दोनदा मोजला. पट्टी बदलून.
मग गुंडाळून वरच्या फळीवर ठेवला,
गेर्गेयच्या रिकाम्या नळीत.