लहान पेटी

हिलोच्या संग्रहालयात मी वाळलेले नेचे चिकटवते.
डिंक, सुई, पांढरा दोरा, जाड कागद.
उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी :
कुठे, किती उंचीवर, कोणी तोडलं.

ज्याने नाव ठेवलं
त्याने हे झाड उभं पाहिलं होतं की नाही, कोण जाणे.
भिंगाखाली पानाची पाठ धरली असणार.
कडेकडेने बीजाणूंचे पुंजके,
प्रत्येकावर दोन झाकणं, शिंपल्यासारखी मिटलेली.
ग्रीकमधून शब्द काढला : लहान पेटी.
सिबोटियम.
तीन पुरुष उंचीचं झाड
आणि नाव टाचणीच्या डोक्याएवढ्या कप्प्यावरून.
हत्तीला पापणीवरून हाक मारावी तसं.

इथली माणसं आधी हात फिरवतात.
देठाला मऊ सोनेरी लोकर लागली तर हापुऊ पुलू.
काळे राठ केस बोचले तर हापुऊ ईई.
अंधारातही चुकायचं नाही.
आणि तो बुटका आमाऊ,
लाव्हा थंड होतो न होतो तोच भेगेतून डोकावणारा,
कोवळेपणी लालबुंद :
ज्वालामुखीचं विवरसुद्धा त्याच्या घराच्या नावाने ओळखलं जातं.

फूल नाही, फळ नाही, बी नाही.
वारा नेईल तिथे बीजाणू पडतो,
त्यातून नखाएवढं हिरवं काळीज उगवतं
आणि त्याच्यावर पाण्याचा पातळ थर साचेपर्यंत
सगळं अडून राहतं.
वरात वाऱ्यावरून, लग्न पाण्यात.

काहिकिना रानात कुंपणं घालतो, डुकरांसाठी.
डुकरं हापुऊ आडवं पाडतात, गाभ्यातलं पीठ खातात,
मागे उरतं पोकळ खोड : आयती डोणी.
डोणीत पाऊस, पावसात डास,
डासाच्या सोंडेत ताप,
आणि लाल चोचीचे पक्षी एकेक करून गप्प.
"डुकराला काय बोलायचं," तो म्हणतो,
"दुष्काळात आम्हीही तोच गाभा भाजून खाल्ला."

जखमेवर तीच लोकर दाबायचे.
मेलेल्या माणसाच्या पोटात तीच भरायचे,
म्हणजे देह टिकतो.

मग व्यापारी आले.
गाद्या, उशा, गठ्ठ्यांवर गठ्ठे, सॅन फ्रान्सिस्कोची जहाजं.
काहिकिनाचे खापरपणजोबा
महिनोन् महिने धुक्यात राहून लोकर काढायचे.
देठापर्यंत हात पोचेना तेव्हा झाडच तोडायचे.
काही वर्षं चाललं.
मग कुणाच्या तरी लक्षात आलं
की या उशीचा भुगा होतो.

गेल्या मंगळवारी टपालाने एक खोकं आलं.
ओकलंडच्या ऑर्डवेबाईंना माळ्यावर सापडलेली उशी,
कडेला निळी वेल भरलेली.
बरोबर चिठ्ठी : "तुमची असावी."
मी एक टाका उसवला.
आत सोनं नव्हतं. तपकिरी पूड,
जुन्या तपकिरीच्या डबीसारखी.
काहिकिना वाकून बघायला गेला
आणि सलग चार वेळा शिंकला.
डोळे पुसत म्हणाला,
"खापरपणजोबा नाकात गेले."
आम्ही दोघं इतके हसलो
की शेजारच्या खोलीतून कुणीतरी दार लोटून घेतलं.

पूड कागदाला चिकटत नाही.
घडीचं पाकीट केलं, चिमूटभर आत घातली.
चिठ्ठी लिहायला बसले.
कुठे : पुना किंवा काऊ, नक्की नाही.
उंची : माहीत नाही.
कोणी तोडलं.
तिथे पेन थांबलं.
नाव त्यालाही ठाऊक नव्हतं.
घरात सगळे म्हातारा म्हणायचे, एवढंच.

खिडकीबाहेर मागच्या वादळात पडलेलं एक हापुऊ आहे.
कुणी उचललं नाही.
आडव्या खोडाच्या टोकाला
मुठी वळलेले तीन कोंब,
अंगभर लोकर.
काहिकिना जाताना त्यावरून सहज हात फिरवतो.

चौकट मी रिकामीच ठेवली आहे.