तपासणीच्या आदल्या रात्री

डॉक्टर म्हणाले, डोक्याला तेल नको
आणि रात्रभर झोपू देऊ नका.
म्हणून दुकानाचं शटर अर्धं वर,
उदगीरचा बाजार गपगार,
आणि रेवण काउंटरवर बसून
गुंड्या निवडतोय, दोन भोकांच्या, चार भोकांच्या.

किती वेळ चाललं, त्यांनी विचारलं होतं.
मी म्हणालो, लई वेळ.
मिनिटांत सांगा.
वीस वर्षं टेपनं माणसं मोजली,
हे काही मापात बसलं नाही.

शेजारच्या काकूंनी कांदा फोडला,
कुणी चप्पल नाकाशी धरली.
त्याच्या आईनं नुसतं डोकं मांडीवर घेतलं
आणि नाव घेत राहिली,
हाक मारावी तसं नाही,
टाके घालावेत तसं.

"असेलच असं नाही," डॉक्टर म्हणाले,
"पुन्हा झालं तर मोबाईलवर शूटिंग करा."
कुठल्या हातानं, साहेब?

तीन वाजता मान कलते.
मी गालाला पाणी लावतो.
तो चिडतो, शिवी देतो,
अख्खी, एक अक्षर न अडखळता.
मला इतकं बरं वाटतं.

पहाटेच्या एसटीनं लातूर.
डोक्याला वायरी चिकटवून बाई म्हणते,
आता झोपवा त्याला.
झालं होतं ते झोपेतच,
हे तिला सांगत नाही.
थोपटतो.
पापणी जरा हलली की हात थांबतो.

त्याची उजवी मूठ घट्ट आहे.
गुंडी असेल आत.
गुंडीच असेल.