भिंतीवरचे बोरसे

पारोळ्याच्या स्टँडसमोर बडगुजरकाकांचं मेडिकल.
बारावीच्या निकालापासून मी तिथे बसते,
म्हणजे उभी असते. स्टूल एकच, ते गल्ल्याला.

भिंतीवर मुरलीधर हिलाल बोरसे, डी. फार्म.,
काचेत, मिशीसकट, रजिस्ट्रेशन नंबरासकट.
त्यांना मी कधी पाहिलं नाही.
महिन्याच्या पाच तारखेला त्यांचे पैसे जातात
आणि रोज सकाळी मी त्यांच्यावरची धूळ पुसते.

सगळ्यांना विचारून झालं.
आतेभाऊ भटू, चार वर्षं शिकून अंकलेश्वरला, रात्रपाळीत:
गोळ्या मशीन मोजतं, मी मशीनकडे बघतो.
सुट्टीत आला तरी त्याच्या बोटांना कडू वास.
कॉलेजचे सर फीचा कागद सरकवत म्हणाले, स्कोप आहे.
कसला, ते कागदावर नव्हतं.

काकांनी मात्र हिशेब स्वच्छ मांडला:
"कर तू फार्मसी. लग्न होऊन कुठेही जा,
सर्टिफिकेट इथे टांगू. घरबसल्या चार हजार."
वडील डेपोतून काळे हात घेऊन येतात.
म्हणाले, वाईट काय त्यात?
त्या रात्री मलाही वाईट काही सापडलं नाही.

मंगळवारी म्हसव्याची सुपडाबाई आली.
दोन डॉक्टर, दोन चिठ्ठ्या,
पदराच्या गाठीत दोन रिकामी पाकिटं.
"माय, दोन्ही गोया सरी गयात. तश्याच दे."
एकावर हिरवं नाव, एकावर लाल,
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत
दोन्हींचं नाव एकच.
चार महिने ती एकच गोळी दोनदा घेत होती
आणि चक्कर आली की उन्हाला बोल लावत होती.

काकांनी बोरसेंना फोन लावला.
स्पीकरवर काँक्रीटचा मिक्सर.
"स्लॅब चालू आहे हो. बघा ना काहीतरी."
भिंतीवरची मिशी हलली नाही.

मी एकच पाकीट दिलं. म्हटलं, दुसरं डॉक्टरला विचारून मग.
"तू काय डाक्टरीन शे का व?"
नाही, म्हटलं.
सुटे मोजून, रागावून गेली.
अजून आलेली नाही.
पलीकडच्या दुकानातून घेतलीही असेल दुसरी.
माहीत नाही. आणि ते माहीत नसणं अडकून बसलंय,
पाण्याशिवाय गिळलेल्या गोळीसारखं.

आज रात्री बारापर्यंत फॉर्म.
पगाराबद्दल भटू खोटं बोलत नाही.
मी काकांना एवढंच म्हटलं,
भिंतीवर नको. दुसरं स्टूल आणा.
ते हसले. "जागा कुठंय?"
जागा खरंच नाही. फ्रीज आडवा येतो.

पहिल्या रकान्यात मी शिरपूर भरलं.
ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर आला.
चष्मा लावून त्यांनी आकडे वाचले,
एकेक, थांबत,
मग पुन्हा पहिल्यापासून,
आणि विचारलं,
समजलं ना नीट?